जोंधळ्याच्या दाण्याएवढा ग्रह

माझ्या काकांनी अर्ध्या गोरेगावाला आकाश शिकवलं आणि मला भांडी घासायला. दोन्ही कामं त्यांनी मन लावून केली, त्यामुळे कुणालाच तक्रारीला जागा राहिली नाही. मी चौथी पास झाले तेव्हा बापानं मला त्यांच्या घरी आणून सोडलं, कारण आमच्या खेड्यातली शाळा चौथीलाच संपायची आणि काका हिंगोलीकडच्या गोरेगावात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. "गुरुजीच्या घरी राहील तर चार बुकं शिकल," असं बाप जीपमधून उतरताना म्हणाला. काकूंच्या मांडीवर तेव्हा पिंटी होती, नुकतीच रांगायला लागलेली. बाप परत निघाला, त्याची जीप वळायच्या आत पिंटी माझ्या कडेवर आली आणि माझी शाळा पुढच्या वर्षावर गेली. मग दर वर्षी ती पुढच्या वर्षावर जात राहिली. पिंटी चालायला लागली, बोलायला लागली, पहिलीत गेली, दुसरीत गेली. तिचं दप्तर मीच भरून द्यायचे.

घर जीपा थांबायच्या जागेला लागून होतं. "सेनगाव, सेनगाव, हिंगोली" ही आरोळी दिवसभर भिंतीतून आत यायची आणि घरातली कामं तिच्यावरच चालायची. पहिली जीप भरायला लागली की चूल पेटवायची, तिसरी गेली की काकांचा डबा तयार पाहिजे. काकूंचा हात भाकरीवर पडला की परातीसकट अख्खा ओटा वाजायचा, आणि तोंड चालायला लागलं की परात ऐकू यायची नाही. पण येसराची आमटी करावी ती त्यांनीच. भाजलेल्या धान्याचा तो मसाला फोडणीत पडला की जीपमधली माणसं मान बाहेर काढून वास घ्यायची. मी आज लेकरांना त्याच मापानं करून घालते, पण तो वास येत नाही. बहुतेक त्यात शिव्या कमी पडतात.

काकांना आकाशाचं वेड होतं. त्यांना कुणी पत्रिका, मुहूर्त, शनीची साडेसाती असलं काही बोललं की ते अंगावर धावून जायचे. आमच्यात पत्रिका बघतच नाहीत, तरी पावसाळ्यातल्या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन झालं की ते उभे राहायचे आणि म्हाताऱ्या बायाबापड्यांना सांगायचे, की शनी हा वायूचा गोळा आहे, त्याला तुमचं नावसुद्धा माहीत नाही. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाताना एकमेकींना म्हणायच्या, "गुरुजी चांगला माणूस, पण शनीला येवढं बोलू नये."

एका रविवारी त्यांनी गल्लीतली लेकरं गोळा करून अंगणात सूर्यमाला मांडली. सूर्य म्हणून लाल भोपळा, गुरू म्हणून मोठं वांगं, शनी म्हणून काकूंची बांगडी घातलेला कांदा, पृथ्वी म्हणून चिंचोका. सगळ्यात शेवटी, पार न्हाणीच्या दगडाशी, त्यांनी जोंधळ्याचा एक दाणा ठेवला. "हा प्लुटो. येवढुसा हाय, लई लांब हाय, थंडीनं गारठून गेलाय. याला अजून कुणी जवळून बघितलं न्हाई," असं ते इतक्या मायेनं म्हणाले, की मला वाटलं आता त्या दाण्याला गोधडी आणायला मलाच पाठवतात. तेवढ्यात आमची तांबडी कोंबडी आली आणि तिनं शेवटचा ग्रह गिळला. काका पायताण घेऊन तिच्यामागं जीपांपर्यंत पळाले. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जोंधळा कशाला असतो ते कोंबडीला कळलं. येवढं शिकून यास्नी कळंना." बाकीची सूर्यमाला आम्ही दोन दिवस खाल्ली. गुरूचं भरीत बरं झालं होतं.

बैठकीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी ग्रहांचा तक्ता लावलेला होता. शाळेत उंदीर खातात म्हणून काकांनी तो घरी आणला, आमच्या घरचे उंदीर जणू शिकलेले होते. त्या तक्त्यावर आठ ग्रहांना तोंड होतं. कुणावर पट्टे, कुणाला कडी, कुणी तांबडा. शेवटच्या जागी मात्र नुसता करडा ठिपका होता. काका सांगायचे, की चितारणाऱ्यानं तो अंदाजानं काढलाय, कारण त्यानं बघितलेलाच नाही. एकदा त्यांनी पेपरात आलेला त्याचा फोटो मला दाखवला. "जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीनं काढलाय." मी डोळे फाडून बघितलं. चार-दोन काळेपांढरे चौकोन, भिंतीला पोपडे यावेत तसे. मी म्हटलं, "काका, यात तोंड कोणतं?" तर म्हणाले, "तेच तर कळायचंय."

मग एका हिवाळ्यात, तुरी काढणीला आल्या होत्या तेव्हा, अमेरिकेनं त्या ठिपक्याकडे यान सोडलं. काकांनी पेपर घेऊन अख्खा जीपतळ जागा केला. पहिल्यांदाच जवळून फोटो मिळणार. जीपवाल्यानं विचारलं, "कवा?" काका म्हणाले, "नऊ वर्षांनी." जीपवाला म्हणाला, "गुरुजी, आमी अर्धा घंटा उशीर केला तर तुमी तक्रार करता." घरात काकूंनी तव्यावरची भाकरी उलटवली. "नऊ वर्षं? तवर पिंटीला लेकरू व्हईल." पण काका ऐकत नव्हते. पिंटीला आणि मला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. ते यान तिथं थांबणार नाही. त्याला वेगच एवढा, की थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. शेजारून जाता जाता जे काही बघायचं ते बघून घ्यायचं, फोटो काढायचे आणि पुढं निघून जायचं. दुसरी फेरी नाही. "नऊ वर्षांचा रस्ता आन् बघायचा येळ येवढुसा," म्हणून त्यांनी चिमूट दाखवली. मी पिठाचे हात तसेच धरून ऐकत होते. ते चिमटीतलं वाक्य माझ्या का ध्यानात राहिलं, ते पुढं येईलच.

त्याच उन्हाळ्यात मला अठरा पूर्ण झाली. काका सरकारी नोकर. अठराच्या आत पोरीचं लग्न केलं तर नोकरीवर गदा येते, म्हणून त्यांनी मला अठरा पूर्ण होऊ दिली. पुढं भाषणांत ते याला पुरोगामी विचार म्हणायचे. अठरा भरताच औंढ्याचं एक स्थळ आलं. पोरगा देवळाजवळच्या कापडदुकानात कामाला, घरची थोडी शेती, निर्व्यसनी, शांत. काकांनी त्यांच्याकडे माझा फोटो पाठवला. तो हिंगोलीला काढलेला. फोटोवाल्यानं मला तिप्पट गोरी केलं होतं आणि मागं बर्फाचा डोंगर लावला होता. तिकडून पोराचा फोटो आला तो कुणाच्या तरी लग्नातला. मागच्या ओळीत, एका फेट्याच्या आड, डावीकडून तिसरा. काकूंनी बोट ठेवून दाखवला तर तो नखाखाली झाकून गेला.

फोटो काकांच्या पुस्तकात होता आणि पुस्तकं पुसायचं काम माझं. मी रोज पुसू लागले. लांब धरला तर माणूस दिसायचा, जवळ आणला की नुसते ठिपके. जोंधळ्याच्या दाण्याएवढं तोंड. हसतोय का दात दुखतोय, काही कळत नव्हतं. आमच्याकडची रीत अशी, की बघायच्या दिवशी पोरीनं मान वर करायची नाही. पोरगा पोरीला बघतो, पोराचा बाप बघतो, मामा बघतो, शेजारी खिडकीतून बघतात. पोरगी आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघते. माझ्या मावशीनं नवऱ्याचं तोंड धड पाहिलं ते लग्नानंतर, आणि मग ती जन्मभर म्हणायची की बघितलं नसतं तरी चाललं असतं. मला तसं नको होतं. लग्नाला माझी ना नव्हती. त्या घरातून बाहेर पडायला दुसरं दार कुठं होतं? पण ज्याच्या घरी मरेपर्यंत भाकरी थापायची त्याचं तोंड एकदा, फक्त एकदा, आधी जवळून बघायचं होतं. हे मी कुणाला बोलले नाही. मी तेव्हा कुणालाच काही बोलत नसे. पाणी पाहिजे असेल तर तहान जाईपर्यंत थांबायचे.

मुगाच्या शेंगा तोडायच्या दिवसांत पाहुणे आले. पोराचा बाप, मामा, एक चुलता आणि पोरगा. काकूंनी मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वरून भरपूर शेंगदाणे. मला साडी नेसवताना त्या म्हणाल्या, "मान खाली. वर बघितलीस तर म्हणतील पोरगी उंडारलेली हाय. इचारलं तेवढंच बोल. तसं तुला सांगायची गरज न्हाई म्हणा, तू कुठं बोलतीस." मी ताटल्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा डोक्यात एकच होतं, ट्रे ठेवून परत फिरेपर्यंत माझा वेळ. चिमूटभर. पण मान काही उठेना. मला फक्त पाय दिसले, चार जोड. एकाच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. हाच नसावा, एवढी आशा धरून मी पाटावर बसले.

"नाव काय बाई?" पोराच्या बापानं विचारलं.

"सुमन."

"शिक्षण?"

माझ्या आधीच काका म्हणाले, "चौथी."

"गुरुजीच्या घरात राहून चौथी?"

प्रश्न साधा होता. इतक्या वर्षांत तो कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. काका खाकरले, पंखा जरा जोरात करायला लावला आणि म्हणाले, "घरकामात लई हुशार हाय." पाहुण्यांचं समाधान झालं. लोकांचं समाधान किती स्वस्तात होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

चालून झालं, केस दाखवून झाले, आता उठ म्हणणार एवढ्यात पोराच्या मामाचं लक्ष भिंतीकडे गेलं. "गुरुजी, तक्ता झकास हाय. पर ते कोपऱ्यात शेवटी काय हाय? माशीनं घाण केली काय?"

काकांच्या घशातून जो आवाज निघाला तो मी परत कधी ऐकला नाही. ते उठले, पायपुसण्याशेजारची छत्री उचलली आणि तिच्या टोकानं तक्ता शिकवू लागले. नऊ वर्षांचा रस्ता, ते यान, तो वेग, ती थंडी. पाहुण्यांना भिंतीकडे तोंड करून बसणं भाग पडलं. छत्री हलेल तशा त्यांच्या माना हलत होत्या. कोण कुणाला बघायला आलं होतं ते सगळे विसरले. आणि मला कळलं की माझं यान आता शेजारून चाललंय. मी मान वर केली.

पोरगा दाराजवळ, सगळ्यांच्या मागं बसला होता. प्रथम तर निराशाच झाली, कारण तोंडात काही खोट नव्हती. नाक नाकाच्या जागी, कान दोन, भांग सरळ. मोज्याचं भोक त्याचंच होतं, पण तेवढं शिवता आलं असतं. मग माझी नजर त्याच्या हाताकडे गेली. त्याच्या शेजारी पिंटी ताटली घेऊन बसली होती. पिंटीची सवय अशी, की शेंगदाणे एकेक करून ताटलीच्या काठाला लावून ठेवायचे आणि शेवटी खायचे. तक्त्याकडे बघत असल्यासारखा तो पोरगा हात लांबवत होता आणि तिचा एकेक दाणा उचलून तोंडात टाकत होता. पिंटीनं मान वर करून बघितलं. त्यानं डोळे मोठे केले आणि ओठावर बोट ठेवलं. गमतीनं नाही. गमतीनं डोळे मोठे केलेले लेकरांना कळतात. पिंटी आपल्या ताटलीकडे बघू लागली आणि तो परत खाऊ लागला. त्याच्या स्वतःच्या ताटलीत सगळे शेंगदाणे तसेच होते. ते मी दोनदा बघून घेतलं.

"आन् मंग पयल्यांदा त्याचं खरं तोंड दिसल," काका भिंतीला सांगत होते. माझं बघून झालं होतं.

मी आत गेले. रीतीप्रमाणे पोरगी पसंत पडली की तिनं परत बाहेर येऊन थोरांच्या पाया पडायचं. काकूंनी दोनदा हाक मारली. मी गेले नाही. चुलीपाशी बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला नाही म्हणत होते, आणि ते मला तोंडानं जमत नव्हतं म्हणून पायानं म्हणत होते. बाहेरून पोराच्या बापाचा खूश आवाज आला, "लाजलं लेकरू. असू द्या, असू द्या. अशीच सून पायजे आमाला. आजकालच्या पोरी कशा, बोलवायच्या आत समोर." असं माझं नाही त्यांनी हो म्हणून बांधून नेलं. वर्षावास संपला की साखरपुडा, असं ठरलं. काकू तर त्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा खूश झाल्या. "न गेलीस ते बरं केलंस. खानदानी वाटलीस."

लाजाळू बाईचं हे असं असतं. ती गप्प बसली तरी लोक तिच्या वतीनं बोलून मोकळे होतात, आणि नेमकं उलटं बोलतात. पुढचे दिवस मी भांडी अशी आपटली की दोन पातेल्यांना पोचे पडले. काकू म्हणाल्या, "लग्नाची घाई झाली वाटतं."

आणि मग एका सकाळी पेपर आला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी कुठंतरी बसून हात वर केले होते आणि प्लुटोला ग्रहांतून काढून टाकलं होतं. आता तो बटू ग्रह. काकांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. शाळेत गेले, परत आले, बैठकीत तक्त्याखाली भिंतीला टेकून बसले. जेवायला उठेनात. काकूंनी दारातून ऐकवलं, "सख्खा भाऊ, सुमीचा बाप, वारला तवाबी तिसऱ्या जीपेच्या टायमाला जेवला होता तुमी. आज कोण मेलं?" दुपार झाली, आमटीवर साय धरली. शेवटी काकूंनी ताट माझ्या हातात दिलं. "जा, तूच दे. मी गेले तर डोक्यात घालीन."

मी ताट पुढं ठेवलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "जवळून बघितलं का कुणी? न्हाई. यान निघून साल न्हाई झालं. रस्त्यात हाय बिचारं. ते जाऊन, बघून, सांगंपर्यंत तरी थांबायचं. लांबून ठिपका बघून ठरवून टाकलं, तू ह्यो न्हाईस, तू त्यो हाईस. ही काय रीत झाली?"

मी तिथंच उभी राहिले. पायाचा अंगठा सारवलेल्या जमिनीत रुतत होता. बाहेर हिंगोलीची जीप भरत होती. मी म्हटलं, "काका, मला त्यो औंढ्याचा पोरगा नको."

त्यांनी मान वर केली. मी एवढं लांब वाक्य बोलू शकते, हेच आधी त्यांना पटवून घ्यावं लागलं. "काहून?"

"त्यानं पिंटीचे शेंगदाणे खाल्ले. सोताचे तसेच ठिवून. आन् ती बघाया लागली तर डोळे वटारले."

"शेंगदाणे?" काका म्हणाले. "शेंगदाण्यावरून कुणी सोयरीक मोडतं का? शब्द दिलाय बैठकीत."

"ठिपका बघून ठरवू नये, असं आताच म्हणला तुमी. तुमी त्याचा फोटोच बघितला, आन् तो आला तवा तुमी भिंतीकडं बघत होता. जवळून म्या बघितलंय. बघून सांगून राहिले."

काकांनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. मला वाटलं आता थोबाडीत बसते. पण त्यांचा चेहरा हळूहळू असा उजळला, की मला भीतीच वाटली. "सुमे," ते म्हणाले, "तुला ते समदं समजलं होतं?" मी म्हटलं, काय? "यानाचं. जाता जाता बघायचं ते." मी मान हलवली. अख्ख्या गोरेगावात त्यांचं शिकवलेलं एकीला तरी कळलं होतं, आणि ती नेमकी भांडी घासणारी निघाली. त्यांनी ताट ओढलं आणि तीन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी पिंटीला मांडीवर घेऊन त्यांनी तिची साक्ष काढली. पिंटीला दाण्यांचा आकडासुद्धा पाठ होता. दुसऱ्या दिवशी ते जीपनं औंढ्याला गेले आणि सोयरीक मोडून आले. माझ्यासाठी मोडली की त्या ठिपक्यासाठी, याचा मी फार खोलात विचार करत नाही. ज्याच्या नावानं सुटका होईल त्याचे उपकार मानावेत.

तिकडं कारण काय सांगितलं ते काकांनी कधी नीट सांगितलं नाही. शेंगदाणे म्हणायची बहुतेक लाज वाटली असावी. काहीतरी निरीक्षण, प्लुटो, घाई, असं बोलून आले. त्याचा परिणाम असा झाला, की आठवड्याच्या आत गोरेगावपासून औंढ्यापर्यंत बातमी गेली, गुरुजींनी पुतणीचं लग्न ग्रहांमुळं मोडलं. जन्मभर पत्रिकेला शिव्या देणारा माणूस शेवटी ग्रहाला भ्याला, म्हणून लोकांना फार बरं वाटलं. विहारातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "म्या म्हणलं होतं ना, शनीला येवढं बोलू नये." काका चौकाचौकात थांबून समजावत राहिले. जितकं समजावलं तितकं ते पक्कं झालं. पुढं दोघंतिघं तर लेकींच्या पत्रिका घेऊन त्यांच्याकडे आले.

माझं लग्न नंतर झालं ते एका गवंड्याशी. तो शेजारच्या घराची भिंत बांधायला आला होता आणि ती भिंत संबंध उन्हाळाभर चालली. मी ओट्यावरून रोज बघत होते. त्यात यानाची गरज पडली नाही. त्याच्यात उणिवा आहेत, पण त्या मला आधीच माहीत होत्या, त्यामुळे भांडायला सोपं जातं.

यान पोचलं तेव्हा काका निवृत्त झाले होते आणि मोतीबिंदू काढून खाटेवर पडले होते. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा अजून काढायचा. डॉक्टरांनी टीव्ही, मोबाईल, पेपर सगळं बंद केलं होतं. एवढी वर्षं थांबलेला माणूस, आणि नेमक्या त्या आठवड्यात आंधळा. काकू म्हणाल्या, "कोंबडीचा तळतळाट." मी त्यांना बघायला गोरेगावला गेले होते. पिंटी कॉलेजातून धावत आली आणि तिनं मोबाईल काकांच्या हातात द्यायच्या ऐवजी माझ्या हातात दिला.

ठिपका नव्हता तो. करडा तर अजिबात नव्हता. फिकट, तांबूस, एका अंगाला काळपट, मधे मोठा पांढरा पट्टा पसरलेला, आणि त्यावर डोंगर. तक्ता चितारणाऱ्याला यातलं काही म्हणजे काही सुचलं नव्हतं.

"सुमे," काका खाटेवरून मान उचलून म्हणाले, "कसा दिसतो? सांग की. काय हाय? लवकर सांग."

मी मोबाईल आणखी जवळ घेतला. "नऊ वर्षं थांबला ना काका," मी म्हटलं, "आता मला जरा बघू द्या."